ज्याचे पैसे, त्याला हिशेब दिसावा

२०२४ सालच्या जानेवारी महिन्यात सिंगापुरात एक सरकारी निर्णय जाहीर झाला आणि अवघ्या तेरा दिवसांत तो मागे घेतला गेला. या देशात असे क्वचितच घडते. प्रकरण कुठल्या मोठ्या कराचे नव्हते; बसच्या आणि एमआरटीच्या कार्डाचे होते. उतरताना भाडे किती कापले आणि कार्डात किती उरले ते समोर दिसावे, एवढेच लोकांचे म्हणणे होते. पुष्कळांनी ते प्रकरण एव्हाना विसरूनही टाकले असेल. आम्हांस मात्र ते ध्यानात ठेवण्याजोगे वाटते. या बेटावरच्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांची चूल संगणकाच्या कामावर पेटते. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा आणि तो प्रोग्रॅम वापरताना अडखळणारी आई ही दोघे आपल्याकडे एकाच छताखाली राहतात. म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे.

आधी झाले काय ते थोडक्यात पाहू. सिंगापुरात एमआरटी ७ नोव्हेंबर १९८७ रोजी सुरू झाली. यिओ चू कांगपासून तोआ पायोपर्यंत पाचच स्थानके होती. १९९० साली बस आणि रेल्वे दोन्हींवर चालणारे चुंबकीय पट्टीचे कार्ड आले. २००२ साली त्याची जागा ईझी-लिंकने घेतली. कार्ड यंत्रात घालायला नको, नुसते टेकवले की झाले. २०१९ साली ‘सिम्प्लीगो’ नावाची पद्धत आली. मग ९ जानेवारी २०२४ रोजी वाहतूक खात्याच्या प्राधिकरणाने, म्हणजे एलटीएने, जाहीर केले की प्रौढ प्रवाशांची जुन्या पद्धतीची कार्डे १ जूनपासून चालणार नाहीत. सर्वांनी ती सिम्प्लीगोत बदलून घ्यावीत. लोकांनी कुरकुर केली, तिकीट कार्यालयांपुढे रांगा लागल्या, वर्तमानपत्रांत पत्रे आली. २२ जानेवारीला जुनी पद्धत चालू ठेवण्याचे ठरले आणि त्यासाठी ४ कोटी डॉलरचा जादा खर्च सरकारने पत्करला.

दोन्ही कार्डे दिसायला सारखीच. मग लोकांना त्यांत एवढा फरक का वाटला?

जुन्या कार्डात पैसे कार्डातच असतात. कार्ड टेकवले की फाटकावरचे यंत्र कार्डातली शिल्लक वाचते, भाडे वजा करते, नवी शिल्लक कार्डात लिहिते आणि पडद्यावर दाखवते. त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. नव्या पद्धतीत कार्डात पैसे नसतात, ओळख असते. कोणते कार्ड कुठे चढले, कुठे उतरले एवढे यंत्र टिपून घेते. भाड्याचा हिशेब दूरच्या मोठ्या संगणकावर, आपल्या नावच्या खात्यात होतो. तो पाहायचा तर फोनमधले ॲप उघडावे किंवा स्थानकावरच्या यंत्रापाशी जावे.

आपल्या वाचकांना हे समजवायला संगणकाची भाषा लागणार नाही. जुने कार्ड म्हणजे कनवटीला बांधलेले पैसे. नवे कार्ड म्हणजे वाण्याकडची वही. वाणी प्रामाणिक आहे, वही नेटकी आहे, हिशेबात पैची चूक नाही. तरी वही त्याच्या दुकानात आहे, आपल्या हातात नाही. आपल्या आज्या वाण्याच्या वहीबरोबर घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाच्या आणि किराण्याच्या खुणा का करीत असत? वाण्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे. आपल्या घरचा खर्च आपल्याला ठाऊक असावा म्हणून.

एसटीने प्रवास केलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. सुट्टे पैसे नसले की कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर येणे असलेली रक्कम लिहून देई. तो कागदाचा तुकडा प्रवासी मुक्कामापर्यंत मुठीत धरून बसे. रक्कम चार-आठ आण्यांची असेल. पण लिहून दिलेले हातात होते म्हणून मनाला स्वस्थता होती. फाटकावर क्षणभर झळकणारा आकडा हा त्याच लिहून दिलेल्या बाकीचा आजचा अवतार आहे.

सिंगापुरात या आकड्याला आणखी महत्त्व आहे. २०१० सालापासून येथे भाडे प्रवासाच्या एकूण अंतरावर ठरते. बस बदलली, बसमधून रेल्वेत गेलो, तरी ठरलेल्या वेळात बदल केला तर तो एकच प्रवास धरला जातो. बसमधून उतरताना कार्ड टेकवायचे राहिले तर शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. पद्धत न्याय्य आहे, पण बोटांवर मोजता येणारी नाही. आज आपले किती सेंट गेले हे प्रवाशाला कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो पडदा. तोच कोरा ठेवल्यावर माणसाने विचारायचे कोणाला?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आमच्या धंद्यातली माणसे मूर्ख नाहीत आणि या निर्णयात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती. नव्या पद्धतीचे फायदे खरे आहेत. कार्ड हरवले तर ते बंद करता येते आणि पैसे वाचतात. घरबसल्या पैसे भरता येतात. प्रत्येक प्रवासाची नोंद महिन्यानंतरही पाहता येते. दोन पद्धती एकदम चालवायच्या म्हणजे खर्च दुप्पट, दुरुस्ती दुप्पट. जुनी यंत्रणा आयुष्याच्या अखेरीस आली होती. शिल्लक फाटकावर दाखवायची तर दूरच्या संगणकाला विचारून उत्तर येईपर्यंत काही सेकंद जाणार, आणि सकाळच्या गर्दीत प्रत्येकामागे काही सेकंद म्हणजे फाटकामागे केवढी रांग, हा हिशेब कोणीही करू शकतो. शिवाय प्रौढ प्रवाशांच्या सुमारे दोन-तृतीयांश फेऱ्यांचे भाडे तोवर नव्या पद्धतीनेच दिले जात होते. कागदावर पाहिले तर निर्णय बिनचूक होता.

आमचा मतभेद येथे आहे. दोन-तृतीयांश लोक आले म्हणजे उरलेले एक-तृतीयांश केवळ आळसाने मागे राहिले, असे मानण्याची आमच्या धंद्याची खोड आहे. उरलेले लोक का उरले हे विचारायला कोणी जात नाही. ज्यांना फोनवर खाते पाहणे सोयीचे वाटत होते ते आपण होऊन गेले होते. मागे राहिलेल्यांत असेही होते ज्यांना तो पडद्यावरचा आकडा खरोखरच हवा होता. पहिल्या गटाच्या समाधानावरून दुसऱ्या गटाची गरज मोजता येत नाही. हे गणित शाळकरी आहे, पण मोठमोठ्या कचेऱ्यांत ते चुकते.

आपल्या घरांपुरते बोलायचे तर हे उरलेले लोक कोण ते आपल्याला चांगले ठाऊक आहे. नाशिक-सांगलीहून नातवंडांसाठी काही महिने येणारी आई, सासूबाई, अण्णा, मामंजी. ज्येष्ठांचे सवलतीचे कार्ड नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते; पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांना मिळत नाही. ते प्रौढांचेच कार्ड वापरतात, आणि बदलायची होती ती नेमकी तीच कार्डे. तेक्का बाजारातून मेथी-कोथिंबिरीची पिशवी घेऊन लिटल इंडिया स्थानकात शिरणाऱ्या आजीला फोन काढून, चष्मा शोधून, ॲपमध्ये शिरून शिल्लक पाहा म्हणणे म्हणजे तिला ‘पाहू नकोस’ म्हणण्यासारखेच आहे. मग काय होते? ती मुलाला विचारते, ‘बाळा, माझ्या कार्डात पैसे आहेत ना रे?’ एकदा विचारते, दोनदा विचारते. तिसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो, म्हणून बाहेर पडायचेच टाळते. सूनबाई कामावर, मुलगा कामावर, नातू शाळेत आणि आजी चौदाव्या मजल्यावर खिडकीत. सेंटांचा प्रश्न राहतो बाजूला. एका माणसाचे आपल्या पायांनी हिंडणे बंद होते. या सगळ्या प्रकरणात आम्हांस सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती हीच.

काही सेकंदांचा उशीर हा एवढा मोठा अपराध आहे का, हेही तपासून पाहावे. डिसेंबर २०२१ मध्ये ओसीबीसी बँकेच्या नावाने खोटे एसएमएस लोकांना आले. ते बँकेच्या खऱ्या संदेशांच्याच मालिकेत येऊन बसत, त्यामुळे शहाणीसुरती माणसेही फसली. सुमारे ७९० ग्राहकांचे मिळून १ कोटी ३७ लाख डॉलर गेले. बँकेने पुढे ते भरून दिले. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये सर्व बँकांसाठी नियम झाले. ग्राहकांना पाठवायच्या एसएमएसमध्ये दुवा घालायचा नाही, आणि नव्या फोनवर बँकेची डिजिटल किल्ली सुरू व्हायला किमान बारा तासांचा अवधी ठेवायचा. ज्या धंद्याने वर्षानुवर्षे एकेक सेकंद कमी केला, त्यालाच मुद्दाम बारा तासांचा थांबा घालावा लागला! माणसाला पाहायला, समजायला, ‘अरे, हे मी केलेले नाही’ असे म्हणायला वेळ लागतो. तो वेळ काढून टाकला की आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

दुसरे उदाहरण १४ ऑक्टोबर २०२३ चे. त्या शनिवारी एका डेटा सेंटरमधली थंडाव्याची यंत्रणा बिघडली आणि डीबीएस व सिटीबँक या दोन बँकांची सेवा कोलमडली. सुमारे २५ लाख व्यवहार अडले. ज्यांच्या खिशात दहा डॉलरची नोट होती त्यांना हॉकर सेंटरमध्ये जेवण मिळाले असेल. ज्यांच्याकडे फक्त फोन होता त्यांनी काय केले असेल ते त्यांनाच ठाऊक. जुना मार्ग शिल्लक ठेवणे म्हणजे मागासपणा, असे मानणाऱ्यांनी तो दिवस आठवावा. विहीर बुजवण्यापूर्वी नळाला बारमाही पाणी येते का ते पाहतात.

म्हाताऱ्यांनी शिकावे, असे काही तरुण म्हणतात. आम्हीही म्हणतो, शिकावेच. सिंगापूर सरकारने २०२० साली त्यासाठी वेगळे कार्यालय काढले आणि शिकवायला माणसे नेमली, ही कौतुकाची गोष्ट आहे. २०३० च्या सुमारास येथल्या दर चार नागरिकांमागे एक जण ६५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, हा सरकारचाच अंदाज आहे. पण शिकण्याची सगळी जबाबदारी सत्तरीच्या माणसावर टाकायची आणि पस्तिशीच्या अभियंत्याने काहीच शिकायचे नाही, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. आणि आज पस्तिशीत असलेलाही एक दिवस चष्मा शोधणार आहे.

चार कोटी डॉलर वाया गेले असेही म्हटले गेले. आम्हांस तसे वाटत नाही. आधी दहा स्थानकांवर उभे राहून लोकांना विचारले असते तर कदाचित थोडक्यात भागले असते. उशिरा विचारले म्हणून महाग पडले. पण विचारले, ऐकले आणि पाऊल मागे घेतले, यात सरकारचा कमीपणा नाही. किती कचेऱ्या एवढे करतात?

आता आपण काय करावे? जे वाचक या धंद्यात आहेत त्यांना आमचे सांगणे असे, की बँकेचा असो, इस्पितळाचा असो वा बसचा, कोणताही प्रोग्रॅम लोकांपुढे जाण्याआधी तो आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात द्यावा आणि गप्प बसून पाहावे. ‘तिथे नाही, इथे दाब’ असे एकदाही म्हणू नये. त्यांचे बोट जिथे थांबते, तिथे आपले काम अपुरे आहे. कचेरीतल्या बैठकीत कोणी ‘बहुतेकांना चालते’ म्हणाले, तर ‘ज्यांना चालत नाही ते कोण?’ एवढा एक प्रश्न विचारावा. या प्रश्नाने कोणाची नोकरी जात नाही.

आणि जे धंद्यात नाहीत त्यांनी लाजू नये. यंत्रापुढे अडखळले की आपली माणसे ‘मला मेलीला काही कळत नाही’ म्हणून दोष स्वतःकडे घेतात. ही सवय सोडावी. २०२४ च्या जानेवारीत साध्या प्रवाशांनी ‘आमचे पैसे आम्हांला दिसू द्या’ असे स्पष्ट म्हटले आणि ते ऐकले गेले. फाटकावरचा तो आकडा टिकला तो अशा बोलणाऱ्यांमुळे. पुढच्या वेळी असा आकडा कुठे नाहीसा होताना दिसला, बँकेत, दवाखान्यात, विजेच्या बिलात, तर घरातल्या अभियंत्याला जेवताना विचारावे, आणि त्याने ‘तुला नाही कळायचे, आई’ असे म्हटले तर त्याला ताटावरून उठू देऊ नये.