कर्ज कीं साह्य?

आमच्या चुलीच्या धुरानें शेजाऱ्याची भिंत काळवंडली, तर त्यास चुन्यापुरते पैसे व्याजानें देऊन ‘आम्हीं साह्य केलें’ असें म्हणणें शोभेल काय? दक्षिण आफ्रिकेची बहुतेक वीज दगडी कोळशापासून होते. तो सोडण्यासाठीं इ. स. २०२१ सालीं ग्लासगो येथें धनाढ्य राष्ट्रांनीं ८.५ अब्ज डॉलर देऊं केले. परंतु त्यांतील बहुतांश कर्जच होतें. २०२२ सालीं कोमाटी येथील कोळशाचें वीजगृह बंद झालें. २०२५ सालीं अमेरिकेनें अंग काढून घेतलें. मग खाणींतील मजुरांच्या पोटाचें काय? ज्यांच्या गिरण्यांनीं दीड शतक धूर ओकून पृथ्वी तापविली, त्यांनीं हें द्रव्य दान नव्हे, देणें म्हणून द्यावें, असें आमचें मत आहे. विद्यार्थ्यांनो, ऋण फेडणाऱ्यानें दातृत्वाचा तोरा मिरवूं नये.