उघड्या पिंजऱ्याची काव्यमयता

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात माजरीला एका संध्याकाळी वादळ आले आणि आमच्या परसातल्या जाळीघरावर निंबाची फांदी पडली. आत सोनेरी फेझंटची पाच पाखरे होती: दोन नर, तीन माद्या. वादळ ओसरल्यावर कंदील घेऊन गेलो तेव्हा जाळीघर रिकामे होते.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत ऐकून माझे एक सुशिक्षित, वाचते स्नेही म्हणाले, "गेली तर जाऊ द्या. मुक्त झाली बिचारी." या लेखाचे निमित्त हे वाक्य आहे. ते त्यांचे स्वतःचे वाक्य नव्हते. ते आपल्या वाङ्मयातून आलेले होते. पिंजरा म्हणजे बंधन आणि उघडे दार म्हणजे मोक्ष, हे रूपक संतवाणीपासून भावगीतापर्यंत आपण इतके वापरले आहे की पिंजऱ्याबाहेरच्या पाखराचे पुढे काय होते हे विचारण्याची गरजच आपल्याला वाटत नाही. रूपकातले पाखरू आकाशात जाते आणि कविता संपते. माझी पाखरे खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याकडे गेली होती.

सोनेरी फेझंट हा मूळचा मध्य चीनच्या डोंगराळ जंगलातला पक्षी. दाट सावली, गारवा आणि झुडपांची आडोशाची जागा ही त्याची गरज. कडक उन्हात राहिला तर नराच्या पिसाऱ्याचा रंगदेखील विटतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यातून ही पाखरे पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हातचे दाणे खाऊन वाढलेली. मुंगूस पाहून पळावे हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. अशा पाखराला 'मुक्त' म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला वर्धा नदीत ढकलून 'आता तू घाटाच्या पायऱ्यांपासून मोकळा झालास' असे म्हणणे होय.

शोधाची पहिली अडचण भाषेची निघाली. गावात विचारायचे तर काय म्हणून विचारायचे? मोर, रानकोंबडा, चकोत्री ही सगळी याच कुळातली पाखरे; त्यांना मराठीत नावे आहेत, कारण ती इथली आहेत. फेझंटला नाव नाही. मी 'मोरासारखा, पण मोर नव्हे' असे सांगत हिंडलो आणि लोक माझ्याकडे दयेने पाहत राहिले. शेवटी शाळेतल्या एका मुलाने त्याचे 'चिनी कोंबडा' असे नामकरण केले आणि तासाभरात साऱ्या वस्तीला कळले की गुरुजींचा चिनी कोंबडा हरवला आहे. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' रचताना रानातल्या माणसांकडून नावे का गोळा केली, हे मला त्या दिवशी नीट उमगले. ज्याला नाव नाही ते शोधताही येत नाही.

दुसरी अडचण माझ्या उतावीळपणाची होती. शेतावर मजुरीला येणारे एक वृद्ध गृहस्थ, तरुणपणी गडचिरोलीकडच्या जंगलात बरेच फिरलेले, मला पाहून हसले. "गुरुजी, त्याच्या मांगं पळू नका. पळालं का थे अजून दूर जाते. पाणी ठेवा, न् सोबतीन दाखवा." रानकोंबडा धरण्याची जुनी रीत त्यांनी सांगितली: पाळीव कोंबडा रानात बांधायचा, भोवती फासे लावायचे, त्याच्या बांगेला आव्हान समजून रानातला कोंबडा भांडायला येतो आणि अडकतो. आज ती शिकार कायद्याने गुन्हा आहे आणि तसेच असले पाहिजे. पण त्या शिकारीमागचे ज्ञान गुन्हा नाही. पाखरू एकटे राहू शकत नाही, त्याला ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी यायची सवय असते, आणि अंधार पडल्यावर ते फांदीवर बसले की जवळजवळ आंधळे होते, एवढ्या तीन गोष्टींवर सारा खेळ आहे.

तसे झालेही. दोन माद्या पहाटेच मोडक्या जाळीवर येऊन बसल्या होत्या. दाण्यामागे आत आल्या. त्यांना लहान पिंजऱ्यात घालून अंगणात ठेवले, शेजारी पाण्याची पसरट परात. मे महिन्यात दाण्यापेक्षा पाणी मोठे आमिष ठरते. तिसरी मादी तिसऱ्या रात्री निंबावर बसलेली सापडली. बॅटरीच्या उजेडात म्हाताऱ्याने ती आंबा उतरवावा तशी उतरवली. चौथ्या दिवशी बाभळीखाली एका नराची पिसे मिळाली. सोनेरी, केशरी, नुसती पिसे.

उरलेला नर सहाव्या संध्याकाळी आला. पिंजऱ्यापासून दोन हातांवर उभा राहून त्याने मानेची झालर पसरली. म्हातारा हाताने 'थांबा' म्हणत होता. मी थांबलो नाही. जाळे घेऊन झेपावलो आणि तो फडफडत ढिगाऱ्याच्या दिशेने गेला. त्या ढिगाऱ्यांवर बाभूळ आणि घाणेरी माजली आहे. खाणपट्ट्यात वाघाचा वावर आहे, संध्याकाळनंतर तिकडे कोणी जात नाही. मीही गेलो नाही.

आता प्रश्न असा की, एक पाखरू गेले तर एवढे काय बिघडले? बिघडते ते पाखराचेच नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. पुढच्याच महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात मांगलीच्या कोंबड्यांत तोच रोग आढळला. परसातले पाखरू आणि जंगलातला वाघ यांच्यामधली भिंत किती पातळ आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? मानमोडीचेही तेच. आणि ही ये-जा नवी नाही. पाळीव कोंबडीच्या पायांना आणि कातडीला जो पिवळा रंग असतो त्याचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे, हे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. कुंपण ओलांडून गेलेली पाखरे मागे काहीतरी ठेवून जातात. कधी रंग, कधी रोग.

कायदा इथे फारसा कामाला येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर, २०२४ मध्ये परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले, पण ते एका विशिष्ट परिशिष्टातल्या प्रजातींपुरते. यादीबाहेरचे पाखरू बाजारातून घरी येते, वाढते, विकले जाते, पळून जाते, आणि हे कुठेही लिहिले जात नाही. सारा भार पाळणाऱ्याच्या लाजेवर आहे.

ही पाखरे आणायलाच नको होती, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. रंगाच्या मोहाने आणली, एवढेच. परंतु 'आणायला नको होती' या वाक्यातून 'म्हणून जाऊ द्या' हे वाक्य निघत नाही. उलट, चूक आपली असेल तर ती शोधून परत आणण्याची जबाबदारी दुप्पट होते. माझे स्नेही पाखराला मोक्ष देत नव्हते, मला सुटका देत होते. ती मी घेतली असती तर रात्री बॅटरी घेऊन निंबाखाली उभे राहावे लागले नसते, इतकेच.

तिन्ही माद्या आता नव्या जाळीघरात आहेत. जाळी दुहेरी, वर पत्रा, आणि निंबाच्या त्या बाजूच्या फांद्या छाटल्या आहेत. नवा नर आणलेला नाही. पावसाळा लागेपर्यंत रोज तिन्हीसांजेला परात भरून अंगणात ठेवत होतो. सकाळी तिच्याभोवती खारींचे, मैनांचे आणि एकदा मुंगसाचे ठसे असत. म्हातारे येता-जाता विचारीत, "आला का जी?"

नाही आला.