इंद्रायणीकाठची बैठक
परवा देहूच्या घाटावर एक वृद्ध शेतकरी डोळे मिटून बसलेला दिसला. फेरफाराच्या कागदांची पिशवी त्याने मांडीखाली घट्ट दाबली होती, आणि दुसऱ्याच दिवशी कचेरीत तारीख असूनही मुद्रेवर काळजीचा लवलेश नव्हता. ज्या तुकोबांनी सावकारीच्या खतांतला आपला हिस्सा इंद्रायणीत सोडला, आणि अभंगांच्या वह्या बुडाल्यावर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, 13 दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर धरणे धरले, त्यांच्या गावी अशी बैठक शोभतेच. हिला कोणी आळस म्हणो. कागद सांभाळून निकालाचा भार पांडुरंगावर टाकायला जे धैर्य लागते, ते धावपळीला खचित लागत नाही. वाचकहो, देहूला जाल तेव्हा दर्शन उरकून लगेच मोटार गाठू नका. घटकाभर काठावर स्वस्थ बसा.