प्रोटीन किती ते नको, लायसिन किती ते सांगा



डुकरांचं खाद्य घ्यायला कुणीही दुकानात गेला की पहिला प्रश्न ठरलेला, "प्रोटीन किती टक्के?" एक जण म्हणतो १८, शेजारचा म्हणतो २०, आणि आपण २० वाल्याचं पोतं उचलतो. घरी खाद्य बनवणारेही तसेच. पेंड कुठली का असेना, बेरीज १८ झाली की खूश.

माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच बदलायला पाहिजे. वाढत्या डुकराला लागतात अमिनो आम्लं, आणि त्यातही सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन. ते पुरेसं नसेल तर पोत्यावर १८ लिहा नाहीतर २२, डुक्कर वाढत नाही. वराहपालनात एकूण खर्चातले ६० ते ७० टक्के पैसे खाद्यावर जातात. तिथेच माप चुकीचं धरलं तर बाकी कितीही काटकसर करा, हिशेब जुळत नाही.

आता हा प्रोटीनचा आकडा येतो कुठून ते बघू. प्रयोगशाळेत खाद्यातलं नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नत्र मोजायची ही रीत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये काढली. रीत चांगली आहे, पण नत्र कशातून आलं हे तिला कळत नाही. युरियाची गोणी आपल्या रोजच्या ओळखीची, ४६ टक्के नत्र. गुणा ६.२५ ने. २८७ टक्के "प्रोटीन" निघतं! १०० किलो खाद्यात एक किलो युरिया पडला तर कागदावर प्रोटीन जवळजवळ तीन टक्क्यांनी वर जातं. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन घातलं होतं, ते ह्याच हिशेबाने. प्रत्येक पोत्यात भेसळ असते असं मी अजिबात म्हणत नाही. पण ज्या आकड्याला युरिया आणि सोयाबीन सारखेच दिसतात, त्या आकड्यावर पैसे मोजायचे का, हा माझा प्रश्न आहे.

गाईचं वेगळं आहे. तिच्या कोठीपोटात जिवाणू असतात, ते साध्या नत्रापासूनही प्रोटीन तयार करून देतात. डुकराचं पोट आपल्यासारखं, एका कप्प्याचं. लायसिनसारखी आवश्यक अमिनो आम्लं खाद्यातून आली नाहीत, तर ती त्याला घरी बनवता येत नाहीत. त्यामुळे गोठ्यातला हिशेब जसाच्या तसा डुकरांच्या शेडमध्ये चालत नाही.

कृषी पदवीधरांना लिबिगचं पिंप माहीत आहे. पिंपाच्या फळ्या कमी-जास्त उंचीच्या असतील तर पाणी सगळ्यात बुटक्या फळीपर्यंतच राहतं. आपण ते नत्र, स्फुरद, पालाश आणि जस्ताला लावतो. जस्त कमी असेल तर युरिया ओतून पीक सुधारत नाही, हे बांधावरचा माणूसही सांगेल. डुकराच्या अंगात मांस बनतं तेही असंच. मका आणि पेंडीच्या खाद्यात बुटकी फळी बहुतेक वेळा लायसिनची. त्यानंतर थ्रिओनिन, मिथिओनिन, ट्रिप्टोफॅन. लायसिन संपलं की बाकीची अमिनो आम्लं अंगी लागत नाहीत. यकृत ती मोडतं, त्यातलं नत्र लघवीतून बाहेर जातं. शेडमध्ये सकाळी डोळे चुरचुरतात ना, त्या अमोनियात आपण विकत घेतलेली पेंडच असते. आणि खाद्यात ताकद भरपूर पण लायसिन कमी, अशावेळी डुक्कर मांसाऐवजी चरबी धरतं.

आता वही-पेन घ्या. दोन खाद्यं मांडतो, १०० किलोची.

पहिलं: मका ७०, सोया डीओसी २८, मिनरल मिक्स्चर आणि मीठ मिळून २.
दुसरं: मका ७०, शेंगदाणा डीओसी २८, मिनरल आणि मीठ २.

मक्यात प्रोटीन साडेआठ टक्के धरा, सोया डीओसीत ४६, शेंगदाणा डीओसीत ४५. पहिल्या खाद्यात प्रोटीन येतं १८.८, दुसऱ्यात १८.५. दुकानात दोन्ही "१८ वालं".

आता लायसिन बघा. मक्यात साधारण ०.२५ टक्के, सोया डीओसीत २.८, शेंगदाणा डीओसीत १.५. पहिल्या खाद्यात लायसिन ०.९६ टक्के. दुसऱ्यात ०.६० च्या आत.

प्रोटीन तेच, आणि लायसिनमध्ये एवढा फरक! दुसरं खाद्य खाणारं डुक्कर मागे पडलं की आपण जंताचं औषध देतो, टॉनिक देतो, पिल्लं देणाऱ्याला शिव्या घालतो.

अजून एक खाद्य मांडतो. पहिल्यातली ५ किलो सोया डीओसी काढा. तिच्या जागी ४ किलो ८५० ग्रॅम मका आणि १५० ग्रॅम फीड ग्रेड लायसिन (एल-लायसिन एचसीएल, ह्यात शुद्ध लायसिन ७८ टक्क्यांच्या आसपास) घाला. प्रोटीन उतरून १७ वर येतं. लायसिन मात्र ०.९५, म्हणजे जवळपास तेवढंच. हे १७ टक्क्यांचं खाद्य शेंगदाण्याच्या साडेअठरा टक्क्यांपेक्षा कितीतरी सरस आहे. दुकानातला आपला प्रश्न तोच राहिला तर आपण मात्र ह्यालाच नापास करू. शिवाय प्रोटीन एका टक्क्याने उतरवलं की मलमूत्रातून जाणारं नत्र साधारण ८ ते १० टक्क्यांनी कमी होतं. शेडचा वास कमी, पिल्लांचा खोकला कमी.

ही अदलाबदल परवडते का, ते त्या दिवशीच्या भावावर आहे. ५ किलो डीओसीचा भाव एका बाजूला, ४ किलो ८५० ग्रॅम मका अधिक १५० ग्रॅम लायसिन दुसऱ्या बाजूला. डीओसी महागली की करा, उतरली की सोडा. पण हा सौदा करायचा तर आधी लायसिनची भाषा यायला पाहिजे. एक सावधगिरी, डीओसी फार काढू नका. लायसिनची फळी उंच केली की थ्रिओनिन आणि मिथिओनिन बुटके पडतात. मग तेही विकत घालावे लागतात.

गरज किती? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये दिलेले आकडे जगभर वापरतात. खाद्यातलं पचणारं लायसिन असं हवं:

११ ते २५ किलो वजन: १.२३ टक्के
२५ ते ५० किलो: ०.९८
५० ते ७५ किलो: ०.८५
७५ ते १०० किलो: ०.७३

हे पचणारं लायसिन आहे, एकूण त्याहून थोडं जास्त लागतं. वरच्या पहिल्या खाद्यात पचणारं लायसिन ०.८३ च्या आसपास भरतं. म्हणजे ५० किलोच्या पुढच्या डुकराला ते जवळपास पुरतं. २५ ते ५० किलोच्या पिल्लाला त्यात १०० किलोमागे २०० ग्रॅम लायसिन वरून घालावं लागतं. आणि ८० किलोच्या डुकराला तेच खाद्य म्हणजे पैशाचा धूर. एकच पोतं सगळ्या वयाला घालायची आपली सवय दोन्हीकडून मारते, लहान उपाशी आणि मोठं उधळतंय.

हे आकडे यॉर्कशायर, लँडरेस अशा जलद मांस धरणाऱ्या जातींचे आहेत. गोव्यातलं अगोंदा गोवन किंवा आपलं गावठी डुक्कर तेवढ्या वेगाने मांस धरत नाही. त्याला एवढं महाग खाद्य घालू नका.

आपल्याकडच्या मालाबद्दल चार गोष्टी.

घरचं सोयाबीन: लातूर, वाशीमकडे घरात सोयाबीन पडलेलं असतं आणि तेच दळून घालायचा मोह होतो. कच्चं घालू नका. त्यात ट्रिप्सिन रोखणारे घटक असतात, प्रोटीन पचूच देत नाहीत. नीट भाजून मगच द्या. पण करपवू नका, जास्त उष्णतेने लायसिन बाद होतं.

सरकी पेंड: गाई-म्हशींना चालते म्हणून डुकरांना ओतू नका. गॉसिपॉल डुकराला बाधतं, आणि ते लायसिनलाही धरून ठेवतं.

डीडीजीएस: इथेनॉल कारखान्यातून स्वस्तात मिळतं, मक्याच्या डीडीजीएसचं प्रोटीन २७ टक्क्यांच्या आसपास दिसतं. लायसिन मात्र जेमतेम ०.८. वाळवताना भाजलं गेलं असेल तर त्यातलंही पचणारं कमी. काळपट, करपट वासाचा माल घेऊच नका.

हॉटेलचं खरकटं: भात, चपाती, पाव. पोट भरतं, चरबी चढते, लायसिन नाही. खरकट्यावर असलेल्या ३०-४० किलोच्या पिल्लाला रोज पाव किलो सोया डीओसी वेगळी द्या. त्यातून ७ ग्रॅम लायसिन जातं, साधारण निम्मी गरज भागते. आणि खरकटं चांगलं उकळल्याशिवाय देऊ नका. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये भारतात आला आहे, त्याच्यावर औषध नाही.

आता नेहमीच्या शंका. "लायसिन म्हणजे केमिकल, हार्मोन असणार." नाही दादा. साखर किंवा स्टार्चवर जिवाणू वाढवून, आंबवून ते बनवतात. सोयाबीनमध्ये असतं तेच लायसिन. "आमची दहाच डुकरं, आम्हाला कशाला?" दहा डुकरंवाल्याला तर जास्त गरज, त्याचा तोटा झाकायला दुसरी शंभर डुकरं नसतात. फक्त मिसळायचं नीट. २०० ग्रॅम थेट ढिगावर टाकू नका. आधी २ किलो पिठात, मग १० किलोत, मग सगळ्या खाद्यात.

शेवटी माझी मागणी. खाद्य कंपन्यांनी पोत्यावर प्रोटीनच्या शेजारी लायसिनचा आकडा छापावा. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश वेगवेगळं लिहिलेलं असतं, "एकूण ताकद १८ टक्के" असं लिहून कुणी खत विकलं तर आपण घेऊ का? मग डुकराच्या पोत्यालाच वेगळा न्याय का? बँकेसाठी प्रकल्प अहवाल बनवणाऱ्यांनी खाद्याच्या रकान्यात "प्रोटीन १८ टक्के" एवढंच लिहून मोकळं होऊ नये. पशुवैद्यक डॉक्टरांनीही पेंडीचं नाव आणि लायसिन विचारूनच सल्ला द्यावा. गटाने खाद्य घेणाऱ्यांनी वर्गणी काढून वर्षातून एकदा तरी अमिनो आम्लांची तपासणी करून घ्यावी. एकट्याला जड जातं, वीस जणांत ते काहीच नाही.

तोवर आपल्या हातातलं करू. उद्या दुकानात गेलात की विचारा, "लायसिन किती?" दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. बघू दे. पाच जणांनी विचारलं की तो कंपनीला विचारेल. तुमच्या खाद्यात काय काय आणि किती किलो पडतं ते इथे लिहा, वजनासकट. लायसिनचा हिशेब आपण मिळून मांडू.