'पाठवा' आणि 'पाठवजा'

यवतमाळहून पुण्याच्या कंपनीत लागलेल्या पोराला पहिल्याच महिन्यात फुकटचा सल्ला मिळतो: ते 'मले-तुले' अन् 'करून राहिलो' आता सोड, नाहीतर मागे राहशील. सल्ला देणारे बहुतेक आपलेच असतात; वणीचे, नाहीतर दारव्ह्याचे, दहा वर्षांपूर्वी तिकडे गेलेले. (मलाही असाच एक भाऊ भेटला होता.)

यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मीटिंगमध्ये समोरच्या सोलापूरच्या माणसाला 'काहून' कळलं नाही, तर 'का' म्हणावं. अडत्याशी बोलतो तसं आपण सासऱ्याशी बोलत नाही. म्हणून काही आपण खोटे ठरत नाही. समोरच्याला उमजलं नाही म्हणून शब्द बदलणं हा व्यवहार झाला. तो हसला म्हणून बदलणं ही शरणागती. सल्लागार दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

त्यांचा मोठा मुद्दा असा की प्रमाण भाषा नेमकी, बोली ढिसाळ. त्यांनी बोली नीट ऐकलेलीच नाही. यवतमाळकडच्या वऱ्हाडी बोलीत 'फाइल पाठवा' आणि 'फाइल पाठवजा' या दोन वेगळ्या सूचना आहेत. 'पाठवा' म्हणजे आत्ता. 'पाठवजा' म्हणजे पुढे, वेळ येईल तेव्हा, पण विसरू नका. एवढं सांगायला प्रमाण मराठीला आख्खं वाक्य लागतं. 'करून राहिलो'तही 'करतोय'पेक्षा तसूभर कमी अर्थ नाही. म्हणजे हसणारे अर्थाला हसत नाहीत, गावाला हसतात.

मग म्हणतात, भारदस्त प्रसंगी बोली शोभत नाही. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळलाच 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं होतं आणि राज्यभर गदारोळ उठला होता. अशा तापल्या मांडवात उद्घाटनाला उभ्या राहिल्या राजूरच्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. त्या आपल्या रोजच्या ढंगात बोलल्या आणि त्या भाषणाची चर्चा महाराष्ट्रभर झाली. शुद्ध मराठी तर निमंत्रण मागे घेणाऱ्यांकडेही होती!

आणि सुधारायचं फक्त यवतमाळच्याच पोरानं का? याच जिल्ह्यातल्या झरी-जामणीला बदलून आलेल्या साहेबासमोर कोलामी, गोंडी, गोरमाटी बोलणारी माणसं बसतात. 'नीट बोल' हे त्यांनाच ऐकावं लागतं. आणि हा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही: 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण काय सांगतो, हे मजुराच्या बोलीत समजावणं कोणाच्या तरी नोकरीचा भाग होताच ना? साहेब तीन वर्षं काढतो आणि 'करा' अन् 'करजा' यांतला फरक न शिकताच बदलून जातो. त्याच्या गोपनीय अहवालात या न शिकण्याची नोंद होत नाही.