अकहिसारचा धडा : एका गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही

फुटबॉलचा मजकूर व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. माझे म्हणणे एवढेच की फुटबॉलचा क्लब हीही एक पेढीच असते. तिला माल लागतो, मजुरी द्यावी लागते, उधारी असते आणि सीझनही असतो. तुर्कस्तानातील एका लहान गावाच्या क्लबची हकिकत आपल्या कारखानदार आणि दुकानदार भावांनी जरूर ऐकावी, म्हणून ती येथे देतो.

गावाचे नाव अकहिसार. हिसार म्हणजे किल्ला हे उर्दू जाणणाऱ्यास सांगावे लागत नाही, आणि तुर्कीत ‘अक’ म्हणजे पांढरा. पश्चिम तुर्कस्तानात मनिसा प्रांतात हे तालुक्याचे गाव आहे. जुन्या काळी त्याचे नाव थ्यातिरा होते आणि तेव्हा ते आपल्याच धंद्याचे गाव होते. रंगारी, लोकरवाले, तागाचे कापड करणारे यांच्या संघटनांचे शिलालेख तेथे सापडले आहेत. ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात जांभळे कापड विकणाऱ्या लिडिया नावाच्या बाईचा उल्लेख येतो, ती याच गावची.

पुढे हे गाव तंबाखूचे झाले. माल घेणारे मोठे गिऱ्हाईक एकच, सरकारी मक्तेदारी ‘तेकेल’. भाव सरकार ठरवी आणि शेतकरी निश्चिंत असे. 2002 च्या कायद्याने सरकारची ही आधारखरेदी बंद झाली आणि 2008 मध्ये तेकेलचा सिगारेटचा धंदा एका ब्रिटिश कंपनीने विकत घेतला. एका गिऱ्हाइकावर बसलेले गाव अशा वेळी बसायचेच. पण अकहिसार बसले नाही. तेथील शेतकरी हळूहळू जैतुनाकडे वळले. हे झाड फळ द्यायला वर्षे लावते, पण एकदा धरले की पिढ्या जगवते. दोमात आणि उस्लू या खाण्याच्या जैतुनाच्या नामांकित जाती याच भागातल्या. आज तुर्कस्तानात खाण्याच्या जैतुनाचे गाव म्हटले की अकहिसारचे नाव आधी निघते. गिऱ्हाईक एक नाही, अनेक. गावाने धडा घेतला तो असा.

आता क्लबकडे वळू. क्लब 1970 चा. पुष्कळ वर्षे त्याचे नाव अकहिसार बेलेदियेस्पोर होते. बेलेदिये म्हणजे आपण उर्दूत ज्याला बलदिया म्हणतो ती, नगरपालिका. वर्षानुवर्षे खालच्या श्रेणीत खेळणारा हा क्लब 2012 मध्ये हम्झा हम्झाओग्लू या प्रशिक्षकाच्या हाताखाली देशाच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, सुपर लीगमध्ये चढला. गावात त्या दर्जाचे मैदानही नव्हते, म्हणून ‘घरचे’ सामने मनिसा शहरात खेळावे लागत. गावात बारा हजार प्रेक्षकांचे नवे मैदान झाले ते 2018 च्या सुरुवातीला. (त्याला नाव मात्र सामन्यांवर पैजा चालवणाऱ्या सरकारी संस्थेचे दिले. मुसलमान मुलखात हे शोभत नाही, पण तो विषय वेगळा.)

त्याच वर्षी 10 मे रोजी दियारबकिर येथे तुर्की कपची अंतिम लढत झाली. समोर इस्तंबूलचा बलाढ्य फेनरबाहचे. अकहिसारने तो सामना 3-2 असा जिंकला. ऑगस्टमध्ये गलातासरायला पेनल्टीवर हरवून सुपर कपही आणला. मग युरोपा लीगमध्ये सेव्हिया, क्रास्नोदार, स्टँडर्ड लीएज या संघांच्या गटात गावाचे नाव लागले. सहा सामन्यांत एकच गुण मिळाला, पण स्पेनचा संघ त्यांच्याशी खेळायला तुर्कस्तानात आला, हे काही थोडे नाही.

आणि पुढच्याच मे महिन्यात, 2019 मध्ये, हाच क्लब सुपर लीगमध्ये अगदी शेवटचा आला आणि खाली उतरला. नवल असे की त्याच महिन्यात तो तुर्की कपच्या अंतिम सामन्यातही पोचला होता. तो गलातासरायने 3-1 असा जिंकला. 2021 मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला आणि त्यानंतरही उतरण थांबली नाही.

असे का होते? खेळ जाणणारे खेळातली कारणे सांगतील. मी व्यापारी माणूस, मी वही उघडून बघतो.

पहिली गोष्ट, कप म्हणजे ईदचा सीझन आणि लीग म्हणजे बारा महिन्यांचे दुकान. कपला पाच-सहा चांगले दिवस पुरतात, लीगला रोज शटर उघडावे लागते. ईदच्या गल्ल्यावरून जो वर्षाचा खर्च ठरवतो तो मोहरमपर्यंत उधारीत जातो.

दुसरी गोष्ट, जमा कोठून येते. बारा हजार खुर्च्यांच्या तिकिटांवर सुपर लीगचा संघ पोसला जात नाही. अशा लहान क्लबची मोठी जमा टेलिव्हिजनच्या पैशाची. 2016 च्या करारात सामने दाखवण्याच्या हक्कांची किंमत वर्षाला 50 कोटी डॉलर ठरली होती. त्यातला वाटा वरच्या श्रेणीत असेपर्यंतच भरघोस असतो. खाली उतरला की तो एका फटक्यात आटतो, पण खेळाडूंशी केलेले करार तसेच राहतात. म्हणजे पुन्हा एकच गिऱ्हाईक. गावाने तंबाखूत जे सोडले ते क्लबने मैदानात धरले.

तिसरी गोष्ट, जमा एका नाण्यात आणि देणे दुसऱ्या नाण्यात. तुर्की क्लब परदेशी खेळाडूंचे पगार बहुधा युरोत ठरवतात. 2018 च्या आरंभी एका डॉलरला सुमारे पावणेचार लिरा पडत, ऑगस्टमध्ये तो भाव सातच्या आसपास गेला. ज्याने परदेशी यंत्र उधारीवर आणून माल रुपयात विकला आहे, त्याला हे दुखणे समजावून सांगायला नको.

कोणी म्हणेल, मग लहान गावाने स्वप्नच बघू नये काय? असे मी म्हणत नाही. तो कप खरा आहे आणि तो कोणी परत घेऊ शकत नाही. पण कप आणणारे बहुतेक खेळाडू दुसऱ्या गावी गेले. मैदान झाडणारा, झेंडे शिवणारा, सामन्याच्या दिवशी चहा विकणारा मात्र गावातच राहिला. बुडीत पेढीचा शेवटचा भार नेहमी अशाच माणसावर पडतो, म्हणून मालकाने धाडस करताना आधी त्याचा विचार करावा.

तुर्की सरकारला जाग आली ती 2022 मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने क्लबांच्या कर्जाला मर्यादा घातली आणि मर्यादेबाहेर कर्ज करणाऱ्या पदाधिकाऱ्यांना स्वतः जबाबदार धरले. चांगले झाले, पण अकहिसारचा उंट तोवर सुटून गेला होता. उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. कुरआनातील सर्वांत लांब आयतही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. तरी आपण तोंडी बोलीवर वर्षे काढतो.

आपल्यात किती तरी मागवाले एकाच शेठच्या सुतावर मजुरीने कापड विणतात. किती तरी भाऊ एका लग्नसराईच्या नफ्यावर दुसरा गाळा उधारीत घेतात. त्यांनी आज रात्री वही काढून दोन ओळी लिहाव्यात : माझे मोठे गिऱ्हाईक उद्या उठून गेले तर किती महिने कारागिरांचा पगार देऊ शकेन? आणि माझे देणे ज्या भावाने वाढते, त्याच भावाने माझी जमा वाढते काय? उत्तर समाधानाचे नसेल तर तंबाखू सोडून जैतून लावण्याची वेळ आली असे समजावे. फळ उशिरा येईल, पण ते आपले असेल. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.