मेहनत आणि विसावा

आमच्या तालमींत जोर-बैठकांचा आकडा सांगण्याची जितकी हौस दिसते, तितकी झोपेचा हिशेब ठेवण्याची दिसत नाही. हजार बैठका मारणारा गडी बहाद्दर, आणि अंग मोडून आले म्हणून एक दिवस घरी राहिलेला कामचुकार! ही समजूत परंपरेची म्हणावी, तर तसेही नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात बलवानासही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले असून अतिव्यायामाने खोकला, ज्वर व क्षय जडतात असा स्पष्ट इशारा दिला आहे.

आजचे शारीरशास्त्रही तेच सांगते. मेहनतीने स्नायूंचे सूक्ष्म तंतू दुखावतात. ते सांधून पूर्वीपेक्षा बळकट होतात ते विश्रांतीत, हौद्यात नव्हे. स्नायूंतील खर्ची पडलेला शर्करेचा साठा भरून येण्यास चांगला खुराक मिळूनही सुमारे एक दिवस लागतो. भरणा न करता रोज उचल करणाऱ्याच्या खात्याची गत काय होते, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. अशा गड्याची झोप उडते, भूक मंदावते, तो हरू लागतो; आणि मग वस्ताद काय करितात? मेहनत वाढवितात!

१९५२ साली हेलसिंकी येथे गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते कांस्याचे. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज दिल्यावर त्यांस लागलीच सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती त्यांस मिळावयास हवी होती. परंतु हा हक्क मागण्यास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. हक्क असून तो मागणारा नसणे म्हणजे काय, हे ज्याने कोर्टाची पायरी चढली आहे तो जाणतो.

कोणी म्हणेल, विश्रांतीच्या नावाने आळस माजेल. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली, तिने गिरण्या बुडाल्या नाहीत. यंत्रमागाऐवजी हाडामांसाचा माग चालविणाऱ्या पोरांस मात्र ती सुटी नसावी, हा कोठला न्याय?

मैदाने भरविणाऱ्या मंडळींनी दोन कुस्त्यांमधील अवकाश जाहिरातीतच छापावा, इनाम देणाऱ्या धनिकांनी तशी अट घालावी, आणि तालमींच्या चालकांनी आठवड्यातून एक दिवस हौदा बंद ठेवावा. यासाठी वर्गणी जमविण्याचीही गरज नाही.